मातीचा अहवाल लिहिताना मुळाच्या टोकाचाही विचार व्हावा

प्रति,
माती तपासणी प्रयोगशाळांमधील शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ, तसेच त्यांच्या अहवालांवरून खतांच्या शिफारशी ठरवणारे सर्व तज्ज्ञ

सप्रेम नमस्कार.

शेतातला नमुना तुमच्याकडे आला की तो सावलीत वाळतो, ढेकळे लाकडी दांड्याने फोडली जातात आणि माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली जाते. चाळणीखाली जे पडते त्याचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मोजली जातात. रासायनिक तपासणीसाठी हे योग्यच आहे. सगळे नमुने एकसारखे केल्याशिवाय एका शेताचा आकडा दुसऱ्या शेताच्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही. या पद्धतीला माझा विरोध नाही. पण या चाळणीत मातीची एक गोष्ट कायमची नाहीशी होते, आणि ती नंतर कुठेच मोजली जात नाही. ती म्हणजे कणांची एकमेकांशी असलेली मांडणी, त्यांच्यामधल्या पोकळ्या आणि त्या मांडणीचा घट्टपणा. घर राहण्याजोगे आहे का हे ठरवण्यासाठी त्याच्या विटांची भुकटी करून तपासावी, तसे हे होते. भुकटीचा अहवाल अचूक असतो, पण दारे-खिडक्यांबद्दल तो काहीच सांगू शकत नाही.

माझी मागणी सुरुवातीलाच सांगते. माती तपासणीच्या प्रत्येक अहवालात मातीच्या घट्टपणाची नोंद असावी, ती शेतातच आणि ओलाव्याच्या नोंदीसह घेतलेली असावी, आणि खताची शिफारस लिहिण्याआधी ती वाचली जावी. ही मागणी मी मुळाच्या टोकाच्या बाजूने करते आहे. पीक जमिनीतून जे काही मिळवते ते या काही मिलिमीटरच्या टोकाने आधी वाट काढलेली असते म्हणून मिळवते. त्यामुळे त्या टोकाचे काय होते हे जरा सविस्तर लिहिते. यातले बरेच तुम्हाला ठाऊक असेल, पण ते अहवालाच्या कागदावर कधी उतरत नाही.

खनिज कणांची स्वतःची घनता साधारण २.६५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. मातीची स्थूल घनता, म्हणजे पोकळ्या धरून मोजलेली घनता, १.१ असेल तर तिच्या घनफळातला सुमारे ५८ टक्के भाग पोकळीचा असतो. तीच माती दाबून १.६ वर आणली तर पोकळी साधारण ४० टक्के उरते. आकडा ऐकून वाटते, ४० टक्के म्हणजे काही कमी नाही. अडचण अशी की दाब पडल्यावर सगळ्या पोकळ्या सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. सर्वांत आधी मोडतात त्या सर्वांत मोठ्या पोकळ्या: गांडुळांची बिळे, जुन्या मुळांचे मार्ग, ढेकळांमधल्या भेगा. उरतात त्या बारीक, ज्यांत पाणी घट्ट धरून ठेवले जाते आणि हवा क्वचितच असते. तृणधान्याच्या मुख्य मुळाची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर आणि त्याच्या बारीक फाट्यांची त्याहून कितीतरी कमी. तरीही दबलेल्या मातीतल्या बहुतेक पोकळ्या या फाट्यांसाठीही अरुंद असतात. आणि आपल्यापेक्षा अरुंद, न हलणाऱ्या छिद्रात शिरण्यासाठी मूळ स्वतःचे टोक बारीक करत नाही. त्याला कण बाजूला सारावे लागतात किंवा दुसरी वाट शोधावी लागते.

कण सारण्याचे बळ पाण्यातून येते. टोकाच्या अगदी पुढे मूलटोपी, तिच्या मागे नव्या पेशी तयार करणारा भाग, आणि त्याच्या मागे काही मिलिमीटर लांबीचा पट्टा, जिथे पेशी लांब होतात. या पट्ट्यातल्या पेशी पाणी आत घेतात, आतला दाब वाढतो, भित्ती थोडी सैल होते आणि पेशी लांबते. हजारो पेशींचे असे लांबणे मिळून टोक पुढे ढकलले जाते. मागचे मूळ मूलरोमांनी आणि घर्षणाने मातीला धरून असते म्हणून हे बळ पुढे लागते; मागे पकड नसेल तर मूळ पुढे जाण्याऐवजी मागेच सरकेल. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म पेफर यांनी १८९३ मध्ये वाढती मुळे जिप्समच्या साच्यात धरून हा दाब मोजला होता. पुढच्या मोजमापांतून बहुतेक पिकांसाठी तो साधारण अर्धा ते एक मेगापास्कल असल्याचे दिसले. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलो वजन. इतक्या कोवळ्या ऊतींनी इतका जोर लावावा याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

जोरासोबत मुळाकडे युक्त्याही आहेत. मूलटोपी सतत चिकट स्राव सोडते आणि आपल्या बाहेरच्या पेशी झडू देते. या सुट्या पेशी आणि स्राव मिळून टोक आणि मातीचे कण यांच्यामध्ये एक निसरडा थर होतो. माती घट्ट असेल तर मूळ या पेशी अधिक प्रमाणात झडू देते. मक्याच्या मुळांवरच्या प्रयोगांत ही टोपी काढून टाकल्यावर मुळाला होणारा विरोध वाढलेला आढळला. शेतात खुपसायच्या धातूच्या शंकूला, म्हणजे पेनेट्रोमीटरला, असा थर नसतो आणि तो सरळ रेषेतच जातो. त्यामुळे त्याला जाणवणारा विरोध मुळाला जाणवणाऱ्या विरोधाच्या दोनपासून आठ पटींपर्यंत असू शकतो. पेनेट्रोमीटरवर दोन मेगापास्कल ही धोक्याची रेषा का मानतात, आणि एक मेगापास्कलचे बळ असलेले मूळ तिथपर्यंत कसे पोचते, याचे उत्तर या घर्षणाच्या फरकात आहे. त्या रेषेच्या आसपास बहुतेक पिकांच्या मुळांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला असतो.

वेगासोबत आकारही बदलतो, आणि उपटलेल्या रोपावर तो डोळ्यांना दिसतो. घट्ट मातीतले मूळ आखूड आणि जाड होते. पेशी तयार होणारा भाग लहान होतो, पेशी लांब होण्याऐवजी आडव्या फुगतात, मूलरोम टोकाच्या अधिक जवळ येतात आणि फाटेही टोकाजवळच फुटू लागतात. या जाड होण्याला थोडा उपयोगही आहे: टोकाच्या मागचा भाग आडवा फुगला की समोरच्या मातीवरचा ताण थोडा सैल होतो. पण थर जाड असेल तर एवढ्याने भागत नाही. मग मूळ त्या थरावर काटकोनात वळते आणि आडवे धावते. अशी वळलेली मुळे ज्याने एकदा पाहिली, त्याला खाली काय आहे हे सांगण्यासाठी उपकरण लागत नाही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कठीण थरातून बाहेर पडून भुसभुशीत मातीत आलेले मूळ लगेच आपला मूळचा वेग पकडत नाही, त्याला सावरायला काही दिवस लागतात. ज्या पिकाचा हंगामच थोडा आहे त्याच्यासाठी हे दिवस मोठे असतात.

बराच काळ समज असा होता की मूळ थांबते कारण त्याचा जोर अपुरा पडतो. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. २०२१ च्या सुरुवातीला नॉटिंगहॅम विद्यापीठातील बिपिन पांडे, मॅल्कम बेनेट आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी एक काम प्रसिद्ध केले, आणि या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्याने बदलली. त्यांनी भाताची आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहान वनस्पतीची मुळे सैल आणि दाबलेल्या मातीत वाढवली. इथिलीन वायूचा संकेत ज्यांना ओळखताच येत नाही अशा उत्परिवर्तित रोपांची मुळेही शेजारी वाढवली. १.६ घनतेच्या मातीत नेहमीची मुळे आखूड आणि जाड झाली. इथिलीन न ओळखणारी मुळे मात्र त्याच मातीत बरीच खोल गेली. म्हणजे माती त्यांना अभेद्य नव्हती. जोर होता, वाटही काढता येत होती, पण नेहमीचे मूळ एका संकेतावरून स्वतःच आपली वाढ आवरत होते.

हा संकेत कसा तयार होतो ते समजले की तुमच्या चाळणीशी त्याचे नाते दिसते. मुळाच्या पेशी नेहमीच थोडे इथिलीन तयार करत असतात. इथिलीनची ओळख आपल्याला फळे पिकवणारा वायू म्हणून आहे, पण वनस्पतींवरचा त्याचा परिणाम प्रथम ध्यानात आला तो अंधारात वाढणाऱ्या वाटाण्याच्या रोपांवर. दिमित्री नेल्युबोव या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखवले की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे ही रोपे आखूड, जाड आणि वाकडी होतात. घट्ट मातीतल्या मुळाचे वर्णन याच्या किती जवळ जाते पाहा. सैल मातीत मुळाभोवतीच्या हवेच्या पोकळ्यांतून हा वायू निघून जातो. वायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपटीने सावकाश तो पाण्यातून पसरतो. दाबलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या थोड्या, तुटक आणि पाण्याने भरलेल्या असल्यामुळे इथिलीन टोकाभोवतीच साचते. ते साचणे हीच मुळासाठी ‘पुढे जागा नाही’ अशी खबर. पुढच्या कामांतून असेही दिसले की या साखळीत ऑक्झिन आणि अ‍ॅब्सिसिक आम्ल ही संप्रेरके सामील असतात: एक लांबी रोखायला, दुसरे मुळाच्या बाहेरच्या पेशी आडव्या फुगवायला.

यावरून कोणी म्हणेल, मग इथिलीन न ओळखणारे वाण तयार करा आणि प्रश्न मिटवा. मला ही घाई योग्य वाटत नाही. पाणी साचलेल्या जमिनीत मुळांमध्ये हवेच्या नळ्या तयार करण्यासारखी कामेही इथिलीनच्याच इशाऱ्यावर चालतात. सगळीकडे बहिरे केलेले रोप शेतात टिकेलच असे नाही. पैदासकार यातून पुढे काही नेमके शोधतील, मक्यात आणि गव्हात बाहेरच्या पेशींच्या भित्ती जाड असलेली मुळे कठीण मातीत चांगली शिरतात हेही आता माहीत झाले आहे. पण वाण येईपर्यंत आणि आल्यावरही माती मोजायचे काम उरतेच.

या संशोधनातून मी माझ्यासाठी घेतलेला अर्थ वेगळा आहे. मूळ मातीतली मोकळी हवा सतत मोजत असते आणि त्या मोजणीवर वाढायचे की थांबायचे हे ठरवते. आपण नमुना वाळवतो, फोडतो आणि चाळतो, तेव्हा नेमकी तीच हवा काढून टाकतो. ज्या गुणावर मूळ निर्णय घेते तो गुण अहवालात येऊ शकतच नाही, कारण प्रयोगशाळेच्या दारात तो संपलेला असतो.

आता खतांकडे येते, कारण अहवालाचा शेवट तिथेच होतो.

स्फुरदाचे उदाहरण घ्या. मातीत स्फुरद जागचे फारसे हलत नाही. मुळाच्या पृष्ठभागापासून एखाद-दोन मिलिमीटरच्या अंतरातलेच काय ते मुळाला मिळते. म्हणून स्फुरदाची उपलब्धता ही मातीत किती आहे यावर जितकी अवलंबून, तितकीच मूळ किती माती पालथी घालते यावर. अहवालात स्फुरद ‘पुरेसे’ लिहिलेले आणि पिकाच्या पानांवर मात्र त्याच्या कमतरतेची लक्षणे, असे दिसले की आपण मात्रा वाढवायला सांगतो. आखूड आणि जाड झालेल्या मुळासाठी मात्रा वाढवणे म्हणजे त्याच्या पोचेबाहेर आणखी भर टाकणे. नत्राची गोष्ट वेगळी पण तितकीच त्रासाची. दाबलेली माती पावसानंतर लवकर निचरत नाही, हवा कोंडते आणि जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. दिलेल्या खताचा एक भाग हवेत निघून जातो, त्यातला काही नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने. याचा तोटा शेतकऱ्याला होतोच आणि वातावरणालाही होतो.

आणि समजा, पाणी आणि अन्नद्रव्ये भरपूर आहेत. तरी काय होते? ऑस्ट्रेलियात जोझेट माल आणि जॉन पासियुरा यांनी १९८७ मध्ये गव्हाच्या कोवळ्या रोपांवरचे काम प्रसिद्ध केले. कठीण मातीत वाढणाऱ्या रोपांची पाने लहान राहिली, आणि हे पाण्याच्या किंवा अन्नद्रव्यांच्या टंचाईने झालेले नव्हते. मुळांना जाणवलेला कठीणपणा वरच्या पानांच्या वाढीवर उतरला होता. खताच्या शिफारशी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीक खुरटलेले दिसले की ते भुकेले आहे असे आपण गृहीत धरतो. काही वेळा त्याला जागा नसते, आणि जागेची कमतरता कुठल्याही गोणीतून भरून निघत नाही.

घट्टपणा हा आपला विषय नाही, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. त्यांना मी शिफारशीच्या गणिताकडे पाहायला सांगेन. चाचणीचा निकाल येतो तो किलो मातीमागे किती मिलिग्रॅम असा. तो हेक्टरी किलोत बदलताना अनेक ठिकाणी २.२४ ने गुणले जाते. हा गुणक येतो कुठून? वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे एका हेक्टरमधले घनफळ दीड हजार घनमीटर, आणि घनता १.५ धरली की वजन साधारण साडेबावीस लाख किलो. म्हणजे मातीची घनता तुमच्या प्रत्येक शिफारशीत आधीपासूनच आहे. ती फक्त मोजलेली नसते, सगळ्या शेतांसाठी एकच धरलेली असते. सैल, सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या मातीसाठी ती जास्त ठरते आणि दबलेल्या मातीसाठी कमी. खऱ्या शेताची घनता तिथे लिहिली तर तुमचे रासायनिक आकडेही अधिक खरे होतील.

खोलीचा प्रश्नही आहे. नमुना बहुतेक वेळा वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटरमधून घेतला जातो. नांगराचा तळ वर्षानुवर्षे त्याच खोलीवर घासल्यामुळे होणारा कठीण थर त्याच्या लगेच खाली असतो, आणि जड यंत्रांच्या दाबाने दबलेली माती त्याहूनही खोल. म्हणजे नमुन्याची पिशवी जिथे संपते तिथून मुळाची खरी अडचण सुरू होते. थॉमस केलर आणि दानी ऑर या मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार धान्य भरलेल्या कापणी-मळणी यंत्राचे वजन १९५८ च्या सुमारास साधारण चार टन होते, ते २०२० पर्यंत सुमारे ३६ टनांवर गेले. टायर रुंद झाल्यामुळे वरच्या थरावरचा दाब फार वाढला नाही, म्हणून शेत वरून पूर्वीसारखेच दिसते. पण खोल मातीपर्यंत काय पोचते हे प्रामुख्याने एकूण वजनावर ठरते, आणि ते वाढतच गेले आहे. वरचा थर मशागतीने, मुळांनी, भिजण्या-सुकण्याने काही काळात सावरतो. खालचा दबलेला थर दशकानुदशके तसाच राहू शकतो. शेतात यंत्र एकदा फिरले की नुकसानीचा मोठा वाटा त्या पहिल्याच फेरीत होऊन जातो, हे तर अनेक प्रयोगांत दिसले आहे. हे सगळे तुमच्या कागदावर कुठेही न उमटता घडते.

मोजमापाबद्दलच्या शंका मला मान्य आहेत आणि त्या मी टाळणार नाही. सर्वांत मोठी शंका ओलाव्याची. तीच माती भिजल्यावर मऊ लागते आणि सुकल्यावर दगडासारखी. फक्त घनता मोजून मुळाचा त्रास कळत नाही, हे हॉवर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकातच कपाशीच्या सोटमुळांवर दाखवले होते: मूळ थराच्या आत जाईल की नाही हे त्या क्षणीच्या कठीणपणावर ठरते, आणि कठीणपणा घनता व ओलावा या दोन्हींवर. चिकण मातीत १.४७ च्या वरची घनता मुळांना अडवते, तर वाळूच्या मातीत मुळे १.७ लाही वाट काढतात. एकच आकडा सर्व मातींना लावता येणार नाही, हे अगदी बरोबर. पण ही मोजणी टाळण्याची कारणे नव्हेत. मोजणी कशी करावी हेच त्यातून कळते. वाफसा आल्यावर मोजा, ओलावा सोबत लिहा, मातीचा पोत सोबत लिहा. सामूही एकाच शेतात जागोजागी बदलतो, म्हणून आपण तो मोजणे सोडलेले नाही. अनेक जागांचे नमुने एकत्र करतो.

खर्चाची शंका त्यापुढे लहान आहे. घनतेसाठी लागते ती ठरावीक घनफळाची एक धातूची कडी, हातोडा, आणि १०५ अंश सेल्सियसवर चोवीस तास वाळवायची भट्टी, जी तुमच्याकडे आहेच. पेनेट्रोमीटर म्हणजे तीस अंशाचा शंकू बसवलेली दांडी आणि दाबमापक. तो सावकाश, सारख्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर या बेताने खाली ढकलायचा आणि कोणत्या खोलीवर आकडा एकदम चढतो ते पाहायचे. याहून साधी पद्धत फावड्याची. वाफशावर फावड्याने मातीची एक लादी अखंड उचलायची, हाताने उघडायची आणि ढेकळांचा आकार, पोकळ्या, वास आणि मुळे पाहून एक ते पाच गुण द्यायचे. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला फावड्याशिवाय काही लागत नाही. मला तीच सर्वांत आवडते, कारण तिच्यात मुळांना प्रत्यक्ष पाहावे लागते.

म्हणून माझी विनंती अशी. नमुन्यासोबत जो माहितीचा कागद येतो त्यावर मातीचा घट्टपणा, तो कोणत्या खोलीवर वाढतो आणि मोजताना ओलावा किती होता, या नोंदींसाठी जागा ठेवा. नमुना काढणाऱ्याला एक खड्डा पिकाच्या ओळीजवळ आणि एक यंत्राच्या चाकाच्या माऱ्यात खणायला सांगा. दोन्हींतला फरकच पुष्कळ सांगून जातो. रोप उपटण्याऐवजी खणून काढून मुळे सरळ आहेत की वळलेली, बारीक आहेत की फुगलेली, हे लिहायला सांगा. शक्य असेल तिथे कडीचा एक नमुना न फोडता प्रयोगशाळेत येऊ द्या. आणि शिफारस लिहिणाऱ्यांना सांगा की घट्टपणाचा आकडा धोक्याच्या रेषेपलीकडे असेल तर खताची मात्रा वाढवण्याआधी मातीबद्दल लिहा.

मातीबद्दल काय लिहायचे, तेही थोडक्यात. खोल नांगर किंवा सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारे अवजार, चालवायला सांगताना खालची माती कोरडी असल्याची अट लिहाच. ओल्या मातीत तो थर फोडत नाही, उलट मातीला चोपडे करून पोकळ्या बुजवतो. फोडल्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा जड यंत्र गेले तर काम वाया जाते, म्हणून चाकांच्या वाटा कायमच्या ठरवून घ्यायला सांगा. ओल्या शेतात यंत्र उतरवू नका, टायरमधली हवा शेतासाठी कमी करा, हे सल्ले खतांच्या सल्ल्याइतक्याच ठळक अक्षरांत यावेत. आणि खोल सोटमूळ असलेली पिके फेरपालटीत घेण्याबद्दल लिहा: लसूणघास, तूर, मुळ्याच्या कुळातली हिरवळीची पिके. त्यांची मुळे कुजल्यावर मागे जे मार्ग राहतात त्यांतून पुढच्या पिकाचे मूळ फारसा जोर न लावता खाली उतरते, आणि त्याच मार्गांनी हवाही ये-जा करते. याला वेळ लागतो. एका हंगामात फरक दिसेल असे आश्वासन कोणाला देऊ नका.

तुमच्या अहवालावर शेतकऱ्यांचा विश्वास आहे. त्या कागदावर जे छापलेले असते त्यावर खर्च होतो आणि जे नसते ते शेतातही कोणी पाहत नाही. यामुळेच मी हे पत्र यंत्रे बनवणाऱ्यांना किंवा बियाणे विकणाऱ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

सगळ्या नमुन्यांसाठी हे एकदम सुरू करणे जमणार नसेल, तर ज्या शेतांचा रासायनिक अहवाल चांगला असूनही पीक सतत कमी येते, त्या शेतांपासून सुरुवात करा. अशा शेतांची यादी तुमच्या नोंदींमध्ये आधीच असेल. तिथे परत जा, वाफशावर एक खड्डा खणा, आणि मुळे कोणत्या खोलीवर वळली आहेत ते मोजून अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहून द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
मुळांचा अभ्यास करणारी एक शेतकरी